सुईबाईंचा लांडगा

सुईबाईंची सुई टोचलेली कोणालाच कळत नसे, कारण नेमक्या त्याच क्षणी लांडगा खिडकीतून आत उडी घेत असे. रुग्णाची नजर लांडग्याकडे, सुई शिरेत. "मूठ आवळ," असे त्या भिली बोलीत म्हणायच्या आणि पुढच्याच श्वासाला, "तर मागच्या खेपेला कुठे होतो आपण? हां, तो दाराशी उभा होता..." नळीत रक्त उतरेपर्यंत कथा चाले. कापसाचा बोळा दाबला की कथाही थांबे, आणि थांबे ती अशा जागी की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. "पुढचं पुढच्या सुईला," एवढे बोलून त्या नळीवर नाव लिहू लागत.

अक्कलकुव्याहून मोलगीकडे चढणाऱ्या रस्त्यावरून आत वळले की एका लहान दवाखान्यात त्या रक्ततपासणीचे काम करीत. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी आणि प्रयोगशाळेची पदविका घेऊन मी तिथे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेले होते. माझे लक्ष पुण्यावर होते. रक्तविकारांवर संशोधन करायचे आणि त्याआधी अर्जात लिहिण्याजोगा अनुभव मिळवायचा, असा माझा सरळ हिशेब होता. पहिल्या दिवशी मी सुईबाईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून डोकावणारे पुस्तक पाहिले. मुखपृष्ठावर एका गोऱ्यापान पुरुषाचे सुळे आणि एका मुलीची उघडी मान. आत खूण म्हणून हिमोग्लोबिनची जुनी चिठ्ठी. पन्नाशी ओलांडलेल्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू लावणाऱ्या या बाईंच्या खिशात हे पुस्तक पाहून मी चक्रावले. दवाखान्यातले कंपाउंडर नानाभाऊ मात्र सरावलेले होते. सकाळी नोंदवही उघडता उघडता ते विचारत, "काय बाई, आज लांडगा उना का दुसरा?"

"दोन्ही येथीन," सुईबाई म्हणत. "तू नंबर तं लाव आधी."

त्या मूळच्या शहाद्याकडच्या. घरी अहिराणी, कागदावर मराठी, रुग्णांशी भिली. आणि इंग्रजी त्या चाळिशीनंतर शिकल्या, तीही रक्तपिपासूंकडून. बंधपत्राचे वर्ष पूर्ण करायला आलेली एक डॉक्टर मुलगी जाताना पुस्तकांची गोणी मागे ठेवून गेली होती. गोणीत सगळी एकाच जातीची पुस्तके होती. नायिका साधी माणूस, आणि तिच्या प्रेमात पडणारा एक तर रक्त पिऊन शतकानुशतके जगणारा, नाही तर पौर्णिमेला लांडगा होणारा. सुईबाईंनी शब्दकोश मांडीवर घेऊन पहिले पुस्तक एका पावसाळ्यात संपवले आणि पुढे त्या सुरतेला बहिणीकडे गेल्या की रद्दीच्या दुकानातून तसलीच पुस्तके शोधून आणू लागल्या.

मी त्यांना जिजी म्हणू लागले, आणि मला त्यांनी रीतसर दीक्षा दिली. नवख्या माणसाने या पुस्तकांत कसे शिरावे याचे त्यांचे शास्त्र ठरलेले होते. "पहिले लांडगा, मंग रगतप्या," हे पहिले सूत्र. लांडग्याचा नियम सोपा असतो. चंद्र पूर्ण झाला की तो बदलणार आणि सकाळी पश्चात्ताप करणार. रगतप्याला मात्र तीनशे वर्षांचा भूतकाळ असतो, तो एकदम झेपत नाही. दुसरे सूत्र असे, की पहिली पन्नास पाने नायिकेला काहीही कळत नाही, वाचणाऱ्याने तिला मूर्ख म्हणायचे नाही, "कारन आपलाले बी कोठे लवकर समजस?" तिसरे सूत्र महत्त्वाचे. प्रत्येक पुस्तकात आधी शोधायचे ते हे, की हा प्राणी कशाला भितो. कोणी उन्हाला, कोणी चांदीला. आणि बहुतेक रगतपे उंबऱ्याला. घरातले कोणी 'आत ये' म्हटल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही.

मी हरकती घेतल्या. केवळ रक्तावर प्रौढ शरीर चालणार नाही, एवढे लोह यकृताला पेलणार नाही, हाडांची रचना काही मिनिटांत बदलणे अशक्य आहे. सुईबाईंनी शांतपणे ऐकून घेतले.

"पोरी, तुले प्रेम व्हई ना, तवय बी तू आधी लोह मोजशी."

"मोजेन, जिजी. त्यात काय चूक आहे?"

"काही नही. फक्त तो थांबी का तवलोंग, ते इचार."

त्यांनी दिलेले पहिले पुस्तक मी दोन दिवसांत संपवले आणि तिसऱ्या दिवशी दुसरे मागितले. त्यांनी ते कोटाच्या खिशातून काढून दिले.

ही पुस्तके त्या रुग्णांना का सांगत, हे कळायला मला महिना लागला. आमच्याकडे येणाऱ्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. त्यांच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि मग हाडे कोणी आतून पिळावीत तशी वेदना उठते. रोजची गोळी घेतली तर हे झटके कमी होतात. पण गोळी चालू असताना रक्त ठरावीक काळाने तपासावेच लागते. बरे वाटत असताना, डोंगर उतरून, केवळ सुई टोचून घ्यायला कोण येईल? मी नोंदवही चाळून पाहिले. सुईबाई ज्यांना कथा सांगत, ते येत. कथा अर्धी राहिलेली असे म्हणून येत.

आणि त्या कथा केवळ आमिषाच्या नव्हत्या. सुईबाईंना त्यांत आपले रुग्ण दिसत. "ज्याले दुसरानं रगत लागस, तो वाईट नही, तो आजारी शे," हे त्यांचे आवडते वाक्य होते. जमनी नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. दुखण्यामुळे तिची आश्रमशाळा सुटली होती. तिला एकदा नंदुरबारला नेऊन रक्ताची पिशवी चढवावी लागली. परत आल्यावर ती सुईबाईंना म्हणाली, "आता मीपण तुझ्या गोष्टीतलीच. कोणाचं रक्त प्यायले, त्याचं नावही माहीत नाही."

"मग? चव कशी होती?" सुईबाईंनी विचारले.

"थंड," जमनी म्हणाली, आणि दोघी खिदळल्या.

तरी जमनीचा जीव लांडग्यावरच होता. शरीर आपले न विचारता बदलते, त्या दिवसांत घरचे घाबरून लांब सरकतात, आणि ओसरल्यावर माणूस थकून लाजत बसते; हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही. तिच्यासाठी सुईबाईंनी एक वेगळाच लांडगा राखून ठेवला होता. तिच्या शिरा फार बारीक. कथा लांबवावी लागे.

महिन्यातून एकदा आम्ही पाड्यांवर जात असू. तिथली घरे एकमेकांपासून दूर, आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. सुईबाई चालत चालत दारापर्यंत जात आणि उंबऱ्याबाहेर थांबत. दार सताड उघडे असो, आतले माणूस समोर बसलेले असो, त्या विचारत, "येऊ का?" आतून "ये" आले की मगच पाऊल आत. एकदा मी सरळ आत शिरले, तेव्हा त्यांनी मला कोटाला धरून बाहेर ओढले होते. "सुई लिसन जाई ऱ्हायनो आपन. आपले कोनी बलावं तवयच जावो." सुई घेऊन जाणाऱ्याने बोलावल्याशिवाय जाऊ नये, हा नियम त्यांनी पुस्तकातून घेतला होता की पुस्तक वाचण्याआधीपासून पाळला होता, हे मी कधी विचारले नाही.

आता माझ्या चुकीविषयी.

पुण्याच्या अर्जासोबत कामाचा एखादा दृक्‌श्राव्य नमुना जोडता येणार होता. माझ्या डोळ्यांसमोर तो रोज घडत होता. एका सकाळी मी सुईबाईंना विचारून फोन रोखला. समोर जमनी बसलेली, बाजूला तिची आई. सुईबाईंनी मूठ आवळायला सांगितली, कथा सुरू केली. त्या दिवशी जमनीने हट्टाने रगतप्याची मागितली होती. चांगली सहा-सात मिनिटांची चित्रफीत झाली. अर्जाला मी ती पूर्ण जोडली. पण मला ती लोकांनाही दाखवायची होती. खरे लिहायचे तर, मी काय शोधून काढले आहे ते दाखवायचे होते. फोनच्या स्टेटसला बसावी म्हणून मी ती कापली आणि सर्वांत परिणामकारक अर्धे मिनिट ठेवले. त्यात सुईबाईंच्या हातात रक्ताने भरलेली सिरिंज आहे. त्या ती उजेडात धरतात, डोळे बारीक करतात आणि भिलीत म्हणतात, "घाबरू नको. मी थोडंच पिईन. बाकीचं उद्या." जमनी हसते, पण हसण्याआधीच माझा तुकडा संपतो. 'तो तिला म्हणाला' हे शब्द माझ्या तुकड्याच्या आधी संपलेले होते.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की नमुना जिथून घेतला, ती जागा नोंदवल्याशिवाय नमुन्याला अर्थ नाही. त्या धड्यात मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते.

तळोद्यातल्या माझ्या एका मावसभावाने तो तुकडा पुढे पाठवला. वर गमतीने लिहिले, 'डोंगरातली रगत पिणारी बाई'. तिथून तो ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसांच्या फोनवर पोहोचला. तिथे गुजरातीत आणखी एक ओळ चिकटली. आणि होळीच्या सुमारास, तोड संपवून परतणाऱ्या माणसांबरोबर तो पुन्हा डोंगर चढला. ज्यांनी सुईबाईंच्या तोंडून कथा ऐकल्या होत्या, त्यांना त्या कथा आहेत हे पक्के ठाऊक होते. पण परत आलेल्या नवऱ्यांनी, दिरांनी, भावांनी कथा ऐकल्या नव्हत्या. त्यांनी परमुलखात, घरापासून लांब, आपल्याच घरातल्या मुलीची शीर आणि एका बाईच्या हातातले रक्त पाहिले होते. मी त्यांच्या जागी असते, तर मीही प्रश्न विचारले असते. एवढ्या नळ्या कशाला लागतात? उरलेले रक्त कुठे जाते?

रांग आखडत गेली. नानाभाऊ नंबर लावायला बसत आणि नोंदवही तशीच कोरी मिटत. एका दुपारी ते थट्टा न करता म्हणाले, "बाई, मोलगीना बजारमा डाकीन म्हनी ऱ्हायनात तुमले." सुईबाई काचपट्ट्या पुसत होत्या, त्यांनी पुसणे थांबवले नाही. नव्हे, ती पट्टी त्यांनी पुन्हा पुन्हा पुसली. डाकीण या शब्दाचा अर्थ या भागात कथेतला नसतो. त्या शब्दानंतर बायकांना घर सोडावे लागते. कधी त्याहून वाईट होते.

मी हातपाय हलवले. पूर्ण चित्रफीत टाकली. ती कोणी शेवटपर्यंत पाहिली नाही. स्वच्छ मराठीत मुद्देसूद खुलासा लिहिला. तो वाचून लोक म्हणाले, काहीतरी असल्याशिवाय एवढे समजावतात का? मावसभावाला पुसायला लावले; त्याने पुसले, पण पुसणाऱ्या एकामागे पाठवणारे कितीतरी होते. बाजाराच्या दिवशी मी सूक्ष्मदर्शक घेऊन बसायचे ठरवले होते, की या, स्वतःचे रक्त पाहा, कुठे जाते ते पाहा. दवाखान्याच्या डॉक्टरांनी अडवले. "तू जितकं रक्त दाखवशील, तितकं ते वाढेल," ते म्हणाले. त्यांचे बरोबर होते, आणि माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

सुईबाईंनी मला दोष दिला नाही. मीच एकदा न राहवून म्हणाले, "जिजी, काहीतरी बोला ना. शिव्या द्या."

त्या म्हणाल्या, "तू खोटं नही दखाडं, पोरी. आर्धं दखाडं." आणि पुढे, "आर्धं तं मी बी सांगू रोज. पन मी उरेल आर्धं सोताजोडे ठेवू."

जमनीच्या तपासणीची तारीख उलटून गेली, तेव्हा आम्ही दोघी तिच्या पाड्यावर गेलो. वैशाखाचे दिवस होते. अंगणभर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, आमचुरासाठी. जमनीची आई दारातच बसून कैऱ्या चिरत होती. जमनी आत, भिंतीला टेकून. सुईबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि नेहमीच्या स्वरात त्यांनी विचारले, "येऊ का?"

आईने मान वर केली नाही. सुरी चालत राहिली. एक कैरी संपली, दुसरी घेतली. ती बाई वाईट नव्हती; हिवाळ्यात याच उंबऱ्यात तिने आम्हाला मोहाची फुले घालून केलेली भाकर खाऊ घातली होती. घरामागून एका पुरुषाचे खाकरणे ऐकू आले. मग मला समजले की 'ये' म्हणणे तिच्या हाती उरलेले नाही, आणि 'जा' म्हणणे तिला जमत नाही.

आतून जमनी म्हणाली, "सुईबाई, लांडग्याचं काय झालं?"

लांडग्याने पौर्णिमेआधी स्वतःला एका खोलीत कोंडून घेतले होते आणि किल्ली बाहेरच्या मुलीकडे दिली होती. कथा तिथे थांबली होती. सुईबाई उंबऱ्याबाहेर, हातात सुया-नळ्यांची बंद पेटी घेऊन, तशाच उभ्या राहिल्या. मी पुटपुटले, "जिजी, पाऊल टाका ना. ती बोलावतेय." त्या म्हणाल्या, "ती नही. घर बलावत नही." आणि वळल्या. वाटेत त्यांनी एकदाही मागे पाहिले नाही.

पंधरवड्यात डॉक्टरांनी, सुईबाईंच्याच काळजीपोटी, त्यांना खाली पाठवून दिले. सपाटीवरच्या एका मोठ्या गावात, एका खाजगी प्रयोगशाळेत. तिथे काचेची खिडकी आहे. माणसे खिडकीतून हात आत सरकवतात, चेहरा बाहेरच राहतो. जाताना त्यांनी गोणी माझ्या खोलीत आणून ठेवली. जमनीच्या लांडग्याचे पुस्तक सगळ्यांत वर होते. "तू पुरं कर," एवढेच म्हणाल्या.

माझी पुण्याला निवड झाली. मुलाखतीत परीक्षकांनी त्या चित्रफितीचे कौतुक केले. ती पूर्ण चित्रफीत होती.

वसतिगृहात मी जमनीचे पुस्तक वाचायला घेतले, हेतू स्वच्छ होता. शेवट काढायचा, भिलीत बसवायचा, डोंगरात जाऊन तिला सांगायचा, बदल्यात एक नळी रक्त मागायचे. मी ते दोनदा वाचले. पुस्तकात कोंडलेली खोली नाही. किल्ली नाही. बाहेर थांबलेली मुलगी नाही. त्यातला लांडगा श्रीमंत आहे, त्याला गाड्यांचा शौक आहे, आणि शेवटी नायिकाही लांडगी होऊन दोघे सुखाने राहतात. जमनीचा लांडगा सुईबाईंनी स्वतः रचलेला होता.

मी फोन केला. "जिजी, खोलीचं पुढे काय होतं?"

"माले काय माहीत?" त्या म्हणाल्या. "जमनीना हात हातमा लिसू, तिना तोंडकडे दखसू, मंग पुढलं समजी. तसंच समजे माले."

यंदाच्या उन्हाळ्यात मी सुटी काढून तिथे गेले. पेटी घेतली होती, दवाखान्याची परवानगी घेतली होती, आणि मनाशी एक शेवटही जुळवला होता. कैरीच्या फोडी तशाच वाळत होत्या, विळ्यांसारख्या वाकलेल्या. एक वर्ष मी याच आकाराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. जमनीची आई त्याच जागी. मी उंबऱ्याबाहेर थांबले आणि विचारले, "येऊ का?" सुरी थांबली नाही.

मी बाहेरूनच, माझ्या तोडक्या भिलीत, शेवट सांगितला. मुलीने दार उघडले, लांडग्याने तिला ओळखले, सकाळ झाली. जमनीने पूर्ण ऐकून घेतले. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग, पेशी भराभर फुटू लागल्या की होतो तसा, हळदीसारखा झाला होता.

"असं नाही होणार," ती म्हणाली. "तुला माहीत नाही."

"नाही," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

"मग सुईबाई कधी येणार?"

परतताना ज्या टेकडीवर रेंज येते, तिथे चढून मी सुईबाईंना फोन लावला. त्यांनी लांडग्याविषयी विचारले नाही. "डोया कशा शेतस तिना?"

"पिवळे."

"गोळी?"

"बंद आहे. गेल्या वर्षीच्या होळीपासून."

पलीकडे, त्यांच्या मागून, कोणीतरी चिठ्ठीचा नंबर पुकारला. काचेच्या खिडकीची खडखड ऐकू आली, आणि मग त्यांचा आवाज, माझ्यासाठी नसलेला: "मूठ आवळा."

मी फोन कानाशी घट्ट धरला. पुढच्याच श्वासाला काय येते, याची वाट पाहत राहिले. काही आले नाही. नळी भरेपर्यंत पलीकडे कोणी एक शब्द बोलले नाही, मग त्यांनी म्हटले, "झालं. पुढचा."